म्हाताऱ्या घोडीचा हिवाळा, शंभर रुपये रोज



आपण इथं नेहमी टोमॅटो, कांदा, पाणी आणि फवारणी यांच्या नोंदी टाकतो. आज घोडीवर लिहितोय. गेल्या पंधरा दिवसांत तीन-चार जणांनी विचारलं, "काय, हरणी आहे का अजून?" आहे. थंडी काढली तिनं. काय खाल्लं, किती खाल्लं आणि किती पैसे गेले, ते नोव्हेंबरपासून रोज वहीत लिहिलं होतं. तेच इथं मांडतो. ज्यांच्या दावणीला म्हातारा बैल आहे त्यांनाही यातलं थोडं कामाला येईल. सगळं येणार नाही, कारण घोडं रवंथ करत नाही. हा फरक आधी डोक्यात घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगाव-खेड भागात बैलगाडा घाटात पळतो तेव्हा बैलांच्या पुढं घोडी पळते. घोडी चांगली तर बैल ओढीनं पळतात. आमच्या वडिलांनी २००५ साली सारंगखेड्याच्या यात्रेतून, दत्तजयंतीला, ही आणली. तेव्हा चार-पाच वर्षांची होती. आठ-नऊ हंगाम पळाली. मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. बैल विकले, गाडा पत्र्याखाली गेला, घोडी राहिली. डिसेंबर २०२१ ला शर्यतीला परवानगी मिळाली तोपर्यंत ही एकविशीत गेलेली. आता पंचविशी ओलांडली. वडील चार वर्षांपूर्वी गेले. म्हणजे घोडी आता कुणाच्याच कामाची नाही, आणि घरातल्या सगळ्यांची आहे.

दिवाळीच्या आधी एक व्यापारी आला. सात हजार देतो म्हणाला. कुठं नेणार विचारलं तर म्हणाला, "वरातीला चालली तर चालली, नाहीतर विटभट्टीवर." मुलगा शेजारीच उभा होता. यंदा टोमॅटोनं खर्चसुद्धा काढून दिला नव्हता, ठिबकचा हप्ता डोक्यावर होता. तो म्हणाला, "नाना, शंभर-सव्वाशे रुपये रोज हिला लागणार. तेवढ्यात एका गाईची पेंड होते. गाय दूध देते." पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. मी गप्प बसलो. मंडळी मात्र आतून म्हणाल्या, "मामंजींनी आणलेलं जनावर भट्टीवर जाणार नाही. पण अहो, महिन्याला तीन हजार. त्याच्या वर एक रुपया नाही. वहीत लिहायचं आणि मला दाखवायचं." व्यापारी चहा पिऊन गेला.

तीन हजारांत महिना बसवायचा तर पहिला प्रश्न चाऱ्याचा नव्हता, दाताचा होता. हरणी कडबा तोंडात घ्यायची, चघळायची आणि ओला चोथा गोळी करून खाली टाकायची. सकाळी गव्हाणीपाशी अशा दहा-बारा गोळ्या पडलेल्या असायच्या. लिदीत बोटाच्या पेराएवढ्या लांब काड्या दिसायच्या. या दोन खुणा दिसल्या की समजायचं, चारा पोटात जातोय पण चावून जात नाही. घोड्याच्या दाढा आयुष्यभर थोड्या थोड्या वर येत राहतात आणि चावून झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही तर कडेला धारदार टोकं राहतात, ती गालाला आणि जिभेला लागतात. म्हातारपणी तर वर यायला दाढच उरत नाही.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जबडा उघडा ठेवायचा कडीचा चाप लावला, लांब दांड्याच्या कानशीनं टोकं घासली. मागची एक दाढ हलत होती, ती हातानंच निघाली. जंताचं औषध दिलं. ते वजनावर देतात, म्हणून वजन काढायची रीत तिथंच शिकून घेतली. काटा लागत नाही, टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यायचा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. उत्तर किलोत येतं. हरणीचा घेर १५०, लांबी १४१. म्हणजे २६७ किलो. बरगड्या लांबूनच मोजता येत होत्या.

वजन कळलं की चारा ठरवता येतो. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडा चारा-खाद्य लागतं. वाळलेलं, थंडीत असलेलं आणि म्हातारं असेल तर अडीच टक्क्यांपर्यंत जायचं. मी सहा किलोच्या आसपास कोरडं धरलं. त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त चाराच पाहिजे. थंडी आली की लोक धान्य वाढवतात, पण उब धान्यापेक्षा चाऱ्यातून जास्त येते. घोड्याच्या मागच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो, त्यातून उष्णता तयार होते. पहाटे थंडी जास्त असते, म्हणून रात्रीचा घास सगळ्यात मोठा ठेवायचा.

आता चारा कुठला? आमच्या पूर्वेकडं, बेल्हे-आळे भागात ज्वारीचा कडबा मिळतो. पश्चिमेला आपटाळे-घाटघरकडं डोंगरी गवत आणि भाताचा पेंढा. पेंढा स्वस्त म्हणून बरेच जण सुचवत होते. पेंढ्यात कस कमी आणि वाळूसारखा सिलिका भरपूर. गाय रवंथ करून त्यातून काहीतरी काढते, म्हाताऱ्या घोडीला ते जमत नाही. पोट भरतं, अंगाला लागत नाही, वर आतड्यात गोळा व्हायची भीती. पेंढा मी खाली अंथरायला आणला, खायला नाही.

कडब्याचं ताट तिला चावत नव्हतं. म्हणून डोंगरी गवतावर आलो. गवत घेताना भाव शेवटी विचारायचा, आधी पेंडी उघडायची. पवन्या, मारवेल असेल तर उत्तम. कुसळी गवत असेल तर फुकट दिलं तरी नको, कुसळं हिरड्यात आणि जिभेत रुततात, मग जनावर चांगलं गवतही खात नाही. गवत फुलोऱ्यात कापलेलं पाहिजे. बी गळून पिवळं पडलेलं गवत म्हणजे नुसती काडी. मुठीत दाबून बघा, थोडं मऊ लागलं पाहिजे, आतून हिरवट पाहिजे. पेंडी झटकली आणि पांढरा धुरळा उडाला तर बुरशी आहे, तिथून परत फिरा. बुरशीच्या धुरळ्यानं घोड्याला धाप लागते, म्हाताऱ्याला जास्तच. मी दसऱ्यानंतर लगेच एका ओळखीच्या शेतकऱ्याचं उभं गवत ठरवलं, कापणी आणि वाहतूक धरून ७ रुपये किलो पडलं. पुढं थंडीत तेच गवत अकरा-बारा रुपये सांगत होते. बजेटातली सगळ्यात मोठी बचत इथंच झाली.

दुसरा चारा घरचा होता, भुईमुगाचा वाळलेला पाला. काढणीला पाऊस लागला नाही म्हणून पाला हिरवा राहिला होता. मातीच जास्त असते त्यात, म्हणून ताडपत्रीवर दोनदा झोडून घेतला. माती पोटात गेली की आतड्यात बसते आणि पोटशूळ होतो. तिसरा म्हणजे लसूणघास, पाटाच्या कडेला दोन गुंठे. भुईमुगाचा पाला आणि लसूणघास यांचा उपयोग नुसता प्रथिनासाठी नाही. मी गव्हाचा कोंडा देत होतो. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. नुसता कोंडा महिनोन्महिने दिला तर घोड्याच्या हाडातलं कॅल्शियम निघतं, तोंडाची हाडं सुजतात. द्विदल चाऱ्यातलं कॅल्शियम ते तोलून धरतं.

काय दिलं नाही, तेही सांगतो, कारण सल्ले फार आले.

गाईच्या पेंडेची मूठ रोज टाक, असं दोघांनी सांगितलं. टाकू नका. काही पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोडंसंसुद्धा हृदयावर जातं आणि जनावर मरतं. पोत्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय एका गोठ्यातलं घमेलंसुद्धा दुसरीकडं फिरवू नका. आमच्याकडं हरणीचं घमेलं निळं, गाईंचं काळं.

हत्तीगवत, नेपियर सगळीकडं आहे, आमच्याकडंही आहे. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू ते फोडतात. घोड्यात तसं होत नाही, म्हणून त्याच्यावर घोडं पोसायचं नाही. ज्वारीचे कोवळे फुटवेही नाहीत, किराळ लागते हे सगळ्यांना माहीत आहे. बुरशी आलेला मका तर अजिबात नाही. त्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूवर जातं.

आता रोजची पद्धत. गवत आणि पाला कडबाकुट्टीवर इंचभर तुकडे करून ठेवायचे. पाटीत कोमट पाणी टाकून अर्धा तास भिजवायचं. भिजल्यानं धुरळा बसतो, चावायला सोपं जातं, आणि पोटात पाणीही जातं. बारीक कोरडी कुट्टी घाईनं गिळली तर घशात अडकते, नाकातून हिरवं पाणी येतं, म्हणून भिजवणं चुकवायचं नाही. कोंडा आणि हरभऱ्याची चुनी वेगळी दोन तास भिजवायची, वरून मीठ आणि ५० मिली सोयाबीन तेल. तेलानं थोडक्यात जास्त ताकद मिळते. तेलाचं प्रमाण पहिल्या पंधरा दिवसांत चमच्या-चमच्यानं वाढवलं. घोड्याचं पोट लहान असतं, त्यामुळं दोनदा भरपूर देण्यापेक्षा चारदा थोडं. सकाळी सहा, अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ. रात्रीचं मंडळी देत होत्या, मी सांगितलं नव्हतं.

गव्हाण अर्ध्या कापलेल्या ड्रमची, कडा दुमडून गोल केल्या. जमिनीवर टाकलेलं गवत पायाखाली जात होतं. ड्रम लावल्यापासून वाया जाणं पाटीभरावरून ओंजळीवर आलं. जे उरतं ते गाईला. उलटं कधी नाही.

गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री, वर थोडी फट ठेवली. पूर्ण बंद केलं तर मुताचा वास कोंडतो आणि धाप वाढते. बाहेर बिबट्याचा वावर, त्यामुळं रात्री जाळीचं दार बंदच. गोणपाटाची झूल पहाटेपुरती, ऊन आलं की काढायची आणि वाळवायची. ओली झूल अंगावर असण्यापेक्षा नसलेली बरी.

चार महिन्यांचा हिशोब असा, १ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी, १२० दिवस:

डोंगरी गवत, रोज ३ किलो, वाया धरून ४०० किलो, ७ रुपयांनी: २८००
भुईमुगाचा पाला, रोज दीड किलो, १८० किलो, ५ रुपयांनी: ९००
लसूणघास हिरवा, रोज ४ किलो, ४८० किलो, ३ रुपयांनी: १४४०
गव्हाचा कोंडा, रोज १ किलो, १२० किलो, २४ रुपयांनी: २८८०
हरभरा चुनी, रोज अर्धा किलो, ६० किलो, ३२ रुपयांनी: १९२०
तेल ६ लिटर, १४० रुपयांनी: ८४०
मीठ ४ किलो: ८०
दात आणि जंताचं औषध: ११००
एकूण: ११९६०

शंभर रुपये रोजाला ४० रुपये कमी. यातला पाला आणि लसूणघास घरचा, त्याचे २३४० वजा केले तर खिशातून ९६२० गेले, म्हणजे दिवसाला ८० रुपये. घरचं फुकट धरू नका मात्र. तो पाला विकला असता तर पैसे आलेच असते. मुलगा हेच सांगत होता आणि ते बरोबर आहे.

या हिशोबात एक रात्र धरलेली नाही, ती वेगळी लिहितो.

जानेवारीत दोन दिवस ढगाळ आणि बोचरी थंडी होती. मी वहीत पाण्याच्या बादल्याही लिहायचो. रोज दीड-दोन बादल्या पिणारी हरणी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्धीच प्याली होती. लिद कोरडी, लहान गोळ्यांची, आणि नेहमीपेक्षा निम्मी. रात्री नऊचं घमेलं मंडळींनी ठेवलं, तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग पोटाकडं वळून बघायला लागली, पुढच्या पायानं माती उकरायला लागली. पोटशूळ. मी पोटाला कान लावला, गुरगुर जवळजवळ नाहीच.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चारा काढून घ्या, स्वतःच्या मनानं काही पाजू नका, लोळायला लागली तर हळूहळू चालवा. मुलानं कासरा धरला. खळ्यावर चाळीस मिनिटं तो तिला फिरवत होता, अंगात स्वेटर नाही, एक शब्द नाही. डॉक्टर साडेअकराला आले. नाकातून नळी घालून पातळ पॅराफिन आणि कोमट पाणी पोटात सोडलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. चारा अडकलाय म्हणाले, लवकर लक्षात आलं म्हणून बरं, सकाळी बोलावलं असतं तर अवघड होतं. पहाटे पाचला तिनं लिद टाकली. लिद बघून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या रात्रीचे १४०० रुपये वेगळे.

सकाळी मुलगा चुलीवर पाणी तापवत बसलेला दिसला. म्हणाला, "नाना, हिला थंड पाणी लागतंय दाताला, म्हणून पीत नव्हती." त्याच्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याची बादली त्यानंच दिली. पेंडेचा विषय परत काढला नाही. मीही काढला नाही.

तुम्हाला सांगण्यासारखं यातलं एकच. म्हाताऱ्या जनावराचं दुखणं आधी पाण्यात आणि लिदीत दिसतं, मग अंगावर दिसतं. चारा किती टाकला हे सगळे बघतात. पाणी किती प्यालं ते मोजा. बादलीवर कोळशानं रेघ मारली तरी पुरतं, खर्च काही नाही.

२८ फेब्रुवारीला टेप लावला. घेर १५५. म्हणजे २८५ किलो. चार महिन्यांत अठरा किलो वाढली. बरगड्या आता हातानं चाचपल्यावर लागतात, लांबून दिसत नाहीत. केस अजून लांब आहेत, ते उन्हाळ्यातही पूर्ण झडले नाहीत तर रक्त तपासू असं डॉक्टर म्हणालेत.

वही मंडळींनी बघितली. १४०० वर बोट ठेवलं, पण काही बोलल्या नाहीत. मग आम्ही तिघं बसून एक गोष्ट ठरवली, ती इथं लिहून ठेवतो म्हणजे पुढं मन मागं फिरणार नाही. भिजवलेलं गवतसुद्धा तिला चावता येईनासं झालं, किंवा खाली बसल्यावर आपली आपण उठता येईना, तर डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन तिला शांतपणे मोकळं करायचं. आणि वडिलांच्या बांधावरच्या चिंचेखाली जागा आहे. व्यापाऱ्याला परत बोलवायचं नाही. जनावराला अखेरपर्यंत ताणायचं नाही, आणि रस्त्यावरही सोडायचं नाही. असा निर्णय आधी चांगल्या दिवशी घ्यावा, वाईट रात्री तो सुचत नाही.

तोपर्यंत पुढच्या थंडीची तयारी. लसूणघास दोनाचा तीन गुंठे करायचाय, बी ऑक्टोबरात पडेल. गवताच्या शेतकऱ्याला यंदा भाद्रपदातच सांगून ठेवणार, पवन्याचा तुकडा आपल्यासाठी फुलोऱ्यात कापायचा म्हणून. दात सहा महिन्यांनी परत बघायचेत, म्हणजे एप्रिलअखेर. उन्हाळ्यात भिजवलेला कोंडा दोन-तीन तासांत आंबतो, त्यामुळं आता थोडा थोडाच भिजवायला लागेल. आणि ५० मिली तेल आता निम्म्यावर आणतोय.

आज सकाळी दोन बादल्या प्याली.